छापखान्यातली साइटबंदी

३ जून, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, या छापखान्यात छपाई सोडून सगळं चालतं. डिझाइनवाल्या बाई खरेदी बघतात, बाइंडिंगवाले मॅच बघतात. तुम्ही कॉम्प्युटरवाले काय बघता? म्हणालो, मी सगळ्यांकडे बघतो. म्हणाले, मग आता त्यांना थांबवा.
शेवटी माझी गरज कळली! योजना तयार: प्रॉक्सी सर्व्हर. सगळ्यांचं इंटरनेट आधी माझ्या यंत्रातून जाणार. नको ती साइट दिसली की दार बंद. काम एका दिवसाचं. साहेबांना आठवडा सांगितला. सोपं वाटायला नको.

११ जून
सर्व्हर उभा राहिला. मधे दोनदा आडवा झाला, पण ते चालायचंच. बंदीच्या यादीत एकेक पत्ता लिहितोय. बायको म्हणाली, जगात साइटी आहेत तरी किती? म्हणालो, मोजल्या नाहीत. म्हणाली, मग निवृत्तीपर्यंतचं काम झालं तुझं.
हिला तांत्रिक बाबी सांगण्यात अर्थ नाही.

१२ जून
अंघोळ करताना सुचलं. पत्ते कशाला, शब्द लिहू! पत्त्यात 'गेम' आलं, बंद. 'शॉप' आलं, बंद. 'बेट' आलं, बंद; जुगारवाले एका फटक्यात गारद. यादी तीन ओळींची. असं डोकं रोज चालत नाही.
माझा कॉम्प्युटर बंदीतून वगळला. तपासणीसाठी. तपासणीच्या ओघात मॅच पाहिली.

१४ जून
तक्रारी सुरू. म्हणजे औषध लागू पडतंय.
मशीनवाले म्हणाले, सुटा भाग मागवायचाय, वर्कशॉपची साइट उघडत नाही. बाई म्हणाल्या, मुलांच्या अल्फाबेटच्या पुस्तकाची चित्रं प्रकाशकांच्या साइटवरून उतरत नाहीत. दोघांनाही माझ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. म्हणालो, तुमचे कॉम्प्युटर जुने. बाई म्हणाल्या, माझा मागच्याच महिन्यात तुम्ही नवा बसवलात. म्हणालो, मग नवेपणाचा त्रास असेल.

१८ जून
प्रकाशकांचा साहेबांना फोन. शुक्रवारपर्यंत नमुना आला नाही तर पुस्तक दुसरीकडे छापणार. वर्षातलं सगळ्यात मोठं काम. साहेबांचा आवाज गोदामापर्यंत गेला.
बाई माझी यादी वाचून म्हणाल्या, अहो, अल्फाबेटमध्ये 'बेट' आहे. आणि वर्कशॉपमध्ये 'शॉप'.
म्हणालो, मला ठाऊक होतं. कोणाच्या लक्षात येतंय ते बघत होतो. कोणी हसलं नाही.
दोन्ही पत्ते लगेच मोकळे करायला घेतले. घाईत कुठेतरी उलटसुलट झालं. आता ते दोनच पत्ते चालू, बाकी सगळं जग बंद. साहेबांची बँकसुद्धा. एका अर्थी साहेबांना हवी होती तशीच शिस्त, पण त्यांना ते पटेना. संध्याकाळपर्यंत निस्तरलं. बरंचसं.

२० जून
नमुना वेळेत गेला. काम वाचलं! चित्रं कशी उतरवली ते बाईंनी सांगितलं नाही, नुसत्या हसल्या. श्रेय घ्यायची सवय नसते काहींना. मला आहे.

२४ जून
सर्व्हरवर आज एकही साइट अडवावी लागली नाही. शुक्रवारीही नाही. लोक सुधारले! मीटिंगमध्ये जाहीर केलं. बाइंडिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या.

२७ जून
बढती मागितली. साहेब म्हणाले, कशाबद्दल?
ठरलं. उद्या न सांगता सर्व्हर बंद. हात जोडत येतील. पहिल्या हाकेला उठायचं नाही.

२८ जून
सकाळी बंद केला. वाट पाहिली. कोणी आलं नाही. चहा घेतला. कोणी आलं नाही. शेवटी मीच फेरी मारली. बाईंच्या स्क्रीनवर चपला सरकत होत्या. विचारलं, हे चालतंय कसं? म्हणाल्या, रिसेप्शनवरच्या ताईंच्या मोबाइलच्या इंटरनेटवरून. अल्फाबेटच्या वेळी नाइलाजाने घेतलं, मग सगळ्यांनाच सवय लागली. साहेबांनाही.
दुपारी साहेब स्वतः माझ्या खोलीत आले. मी ठरल्याप्रमाणे उठलो नाही. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. म्हणाले, इथे गारवा बरा आहे, बाइंडिंगचा डिंक उकाड्याने नासतोय, डबे इथेच ठेवू. मी म्हणालो, साहेब, इथे मी बसतो.
साहेब म्हणाले, हो का? बसा ना. डबे भिंतीकडेच लावतील.