दोन नोव्हेंबरचा पेपर

डेव्हिस
८ ऑक्टोबर, रविवार

प्रिय सासूबाई,

हे पत्र हाती पडेल तेव्हा तुमची तब्येत बरी असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल आणि कोंबड्या अंडी देत असतील, अशी देवाजवळ प्रार्थना. आम्ही दोघं इथे खुशाल आहोत.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. पण करणार काय? रोज संध्याकाळी तुम्ही एलियासशी फोनवर पोटभर बोलता आणि मी फोन हातात घेतला की म्हणता, "गॅसवर राजमा ठेवलाय, करपेल." सासूबाई, इतका राजमा आपल्या अख्ख्या लिंडसी गावात कुणी खात नाही. पत्र तरी तुम्हाला मध्येच खाली ठेवता येणार नाही. ठेवलंत तरी परत उचलाल.

घर छान आहे. मुलंबाळं असलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने बांधलेल्या इमारती आहेत, त्यातलं हे तळमजल्यावरचं. दोन खोल्या, एक छोटं स्वयंपाकघर, मागे हात-दोन हात माती. तुम्ही दिलेली पुदिन्याची काडी तिथे लावली. एलियासची शाळा चालत जाण्यासारखी. पहिल्या दिवशी त्याने बाईंना सांगितलं, "माझी आजी संत्र्यांची बॉस आहे." बाईंनी मला विचारलं, मी म्हटलं, खरं आहे. पॅकिंगच्या पट्ट्यावर तुम्ही उभ्या राहिलात की मुकादमसुद्धा आवाज खाली करून बोलतो, हे मी तिथे असताना डोळ्यांनी पाहिलंय.

शेजारी पा कू नावाची बाई राहते. मर्सेडची आहे, लाओसहून आलेल्या ह्माँग लोकांपैकी, दोन मुली आहेत तिला. तीही माझ्यासारखीच, आधी गावचं कम्युनिटी कॉलेज, मग इथे. आम्हाला इथे "ट्रान्स्फर" म्हणतात. म्हणजे दोन वर्षं दुसरीकडे काढून तिसऱ्या वर्षाला येऊन बसलेले. बाकीच्या पोरांची आपापसात ओळख झालेली असते, ग्रंथालयात कुठे काय आहे ते ठाऊक असतं. मी अठ्ठावीस वर्षांची बाई, पहिल्या दिवशी मला एका मुलाने "प्रोफेसर" म्हणून हाक मारली. मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून!

अभ्यास चालू आहे. बरा चाललाय. आपल्याकडे एक सत्र साडेचार महिन्यांचं असायचं, इथे दहा आठवड्यांत गुंडाळतात. रसायनशास्त्राच्या वर्गात तीनशे जण बसतात. पोर्टरव्हिलच्या कॉलेजात आम्ही बावीस होतो आणि सरांना माझं नाव, एलियासचं नाव, त्याला कानाचं दुखणं आहे हेसुद्धा माहीत होतं. पण होईल सवय.

ऑगस्टमध्ये अंगणात आपलं जे बोलणं झालं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्ही म्हणालात, "तुला जायचं तर जा, पोरगं इथे राहील." मी काय म्हणाले ते दोघींना आठवतं. एवढंच लिहिते की रूबेन गेल्यावर मला संध्याकाळच्या वर्गाला ढकलणाऱ्या तुम्हीच होतात. "घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा तिथे बसून फळ्याकडे बघ," असं म्हणाला होतात. तीन वर्षं तुम्ही एलियासला जेवू घालून झोपवलंत म्हणून मी इथवर आले. फळ्याकडे बघता बघता मी इतकी लांब जाईन, हे तेव्हा तुमच्याही ध्यानात आलं नसेल आणि माझ्याही.

एलियासने तुमच्यासाठी कोंबडी काढलीय. चार पाय आहेत. त्याला सांगितलं, पण तो म्हणतो, ही पळणारी आहे.

तुमची सून,
आरासेली


डेव्हिस
५ नोव्हेंबर, रविवार

प्रिय सासूबाई,

तुम्ही बऱ्या असाल. इथे थंडी सुरू झाली, सकाळी धुकं असतं. एलियासचा पुढचा दात पडला, तो त्याने शाळेतच कुठेतरी हरवला आणि दिवसभर हुंदके देत होता. आता गप्पा मारताना त्याची शिट्टी वाजते, फोनवर तुम्हाला ऐकू आलीच असेल. पा कूने आम्हाला तिच्याकडे जेवायला बोलावलं. चिकटसर भात आणि मिरचीचा ठेचा होता. ठेच्यात कोथिंबीर होती, तुम्हाला आवडला असता. पुदिना जगलाय.

गुरुवारी, पितर घरी येतात त्या दिवशी, तुम्ही कबरीवर गेला असाल. झेंडू या वर्षी चांगला आला होता का? रूबेनच्या फोटोपुढे काय काय ठेवलंत? पितरांचा पाव तुम्ही घरी भाजलात की बेकरीतून आणलात? एलियासला विचारलं तर तो म्हणतो, आजी काही बोलली नाही.

सासूबाई, गाडी बिघडली नव्हती.

मी एलियासकडून तसा निरोप दिला, पोराला खोटं बोलायला लावलं. गाडी धडधाकट आहे, दारातच उभी आहे. गुरुवारी, दोन तारखेला, माझा रसायनशास्त्राचा पेपर होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी मी त्याच्याजवळ नव्हते आणि तुम्ही तिथे एकट्या होतात. आदल्या दिवशी प्राध्यापकांना जाऊन विचारणार होते. त्यांच्या दारापर्यंत गेले. बाहेर आठ-दहा मुलं रांगेत बसली होती, सगळी हुशार दिसणारी. माझा नंबर आल्यावर काय सांगायचं? माझ्या नवऱ्याला उद्या घरी यायचंय, तो तीन वर्षांपूर्वी हायवेवर धुक्यात गेला, आणि त्याची आई त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवते, असं? परत फिरले.

पेपरला बसले. पहिला प्रश्न वाचला आणि मला झेंडूचा वास यायला लागला. खरंच यायला लागला. शेजारचा मुलगा भराभरा लिहीत होता. मी कागदावर काहीतरी खरडलं.

परवा मार्क आले. शंभरात अडतीस.

पेपरसाठी मी तिकडे आले नाही, आणि पेपरही जमला नाही. दोन्हीकडून गेलं.

मागच्या पत्रात "बरा चाललाय" असं लिहिलं होतं, तेही तसंच खोटं. पहिल्या आठवड्यापासून मी मागे आहे. प्रयोगशाळेचा दिवस होता तेव्हा एलियासला ताप आला आणि माझा एक प्रयोग बुडाला. पोर्टरव्हिलला मी वर्गात पहिली यायचे. इथे वर्गात तोंड उघडायची हिंमत होत नाही. मला वाटतं, माझ्या अर्जात कुणाची तरी चूक झाली असेल आणि आता सांगायला त्यांना संकोच वाटत असेल. पा कू म्हणते, "पहिल्या तिमाहीत सगळे ट्रान्स्फर मार खातात. मी तर दोनदा खाल्ला. एकदा चव कळली नाही म्हणून परत." ती हसवते. पण ती तिच्या घरी गेली की मी पुन्हा त्याच पानावर.

हे मी तुम्हाला का लिहीत नव्हते, ते तुम्ही ओळखलं असेल. तुम्ही म्हणाल, जमत नाही ना, मग पोराला तरी पाठव. आणि तुमचं बरोबर असेल. मला त्याचीच भीती वाटते. तेवढं मात्र लगेच म्हणू नका.

तुमची,
आरासेली


डेव्हिस
१७ डिसेंबर, रविवार

प्रिय सासूबाई,

देवाच्या कृपेने तुम्ही सुखरूप असाल. एलियासची शाळा शुक्रवारी सुटली की आम्ही निघतो, अंधार पडायच्या आत पोहोचू. मग पत्र कशाला, असं म्हणाल. समोर आले की तुम्ही विषय बदलता आणि मी रडते, म्हणून जे सांगायचं ते आधीच पाठवते.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आठवड्यात दार वाजलं आणि तुम्ही दिसलात, तेव्हा मला वाटलं कुणीतरी वारलं. तुम्ही, आणि लिंडसी सोडून! हॅनफर्डहून ट्रेन, मग बस, मग हातातला पत्त्याचा कागद दाखवत दाखवत पायी. एलियास तुमच्या कमरेला असा लटकला की तुम्हाला आत येता येईना. मी तुमची बॅग उचलली. बॅग हलकी होती. आत काहीच नव्हतं. ती कशासाठी आणलीय हे मला तिथेच उंबऱ्यावर कळलं, आणि तुम्हालाही कळलं की मला कळलंय. तुम्ही म्हणालात, "कांदे आहेत का घरात?"

चार दिवस तुम्ही त्याबद्दल अक्षर काढलं नाहीत. भांडी घासलीत, पडदे धुतलेत, पा कूच्या मुलींना मक्याच्या पोळ्या थापायला शिकवलंत. पा कूला तुमची भाषा येत नाही, तुम्हाला तिची, तरी दोघी मागच्या पायरीवर बसून माझ्याबद्दल बोलत होतात अशी माझी खात्री आहे. आणि जेवताना एलियास अगदी सहज म्हणाला, "आजी, आई आता बाथरूममध्ये नाही रडत, तू आल्यापासून." तेव्हा कळलं मला. फोनवर तो तुम्हाला सगळं सांगत होता. अडतीस मार्कसुद्धा, माझं पत्र पोहोचायच्या आधीच. मी पत्रात शब्द तोलून मापून लिहीत होते, आणि तुमच्याकडे रोज संध्याकाळी ताजी बातमी जात होती!

शनिवारी सकाळी तुम्ही दोघं बागेत गेला होतात, तेव्हा मी त्याचे कपडे तुमच्या बॅगेत भरले. कुणी सांगितलं म्हणून नाही. शेवटचा पेपर दोन आठवड्यांवर आला होता. मी मनाशी म्हटलं, जूनपर्यंत राहील तिथे, चांगला जेवेल, कुणी त्याच्यावर ओरडणार नाही. त्याचा निळा स्वेटर शेवटी घडी करून घातला. वर त्याची चित्रांची वही ठेवली.

तुम्ही आलात, बॅग पाहिलीत. एलियासला पा कूकडे पिटाळलंत. मग बॅग उघडून एकेक कपडा बाहेर काढायला लागलात, आणि तो स्वेटर मांडीवर धरून बोललात. तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. ते मी इथे लिहून ठेवते, कारण मला ते हरवायचे नाहीत.

"न्यायलाच आले होते. खोटं कशाला बोलू? ट्रेनमध्ये बसून त्याचा बिछाना कुठे घालायचा तेही ठरवलं होतं."

"मग न्या ना," मी म्हटलं. "मीच देतेय."

"तुला रूबेनने सांगितलं नाही का कधी? नाही सांगणार. त्याला आठवत नव्हतं. दोन वर्षांचा होता, त्याला मेक्सिकोत, मिचोआकानला माझ्या आईकडे ठेवून मी इकडे आले. म्हटलं, वर्षभर काम करीन, मग आणीन. वर्षाची तीन झाली. आणायला गेले तेव्हा पाच वर्षांचा होता. मला 'बाई' म्हणाला. माझ्या आईच्या शालीआड उभा राहून तिला विचारतो, 'ही बाई किती दिवस राहणार?'"

तुम्ही स्वेटर पुन्हा कपाटात ठेवलात.

"चार दिवस बघतेय मी," तुम्ही म्हणालात. "तू पुस्तकात डोकं घालून बसतेस, त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीस. आणि ते पोरगं तुझ्या पायाला पाठ टेकून चित्रं काढतं. तिथून उचलून नेऊ त्याला? मी नाही नेणार. आणि तूही त्याच्यासाठी म्हणून परत यायचं नाहीस. उद्या तो मोठा झाला की तेच तोंडावर मारशील त्याच्या."

"पण मी नापास होतेय, सासूबाई."

"होशील. मग परत बस. पट्ट्यावर पहिल्या हंगामात माझ्या निम्म्या पेट्या परत पाठवायचे. मी काय संत्री सोडली?"

आणि मी विचारलं, दोन नोव्हेंबरचं काय? मी आले नाही त्याचं? तुम्ही नाक पुसून म्हणालात, "रागावले होते. अजून आहे थोडी. पण रूबेन कुठे पळून चाललाय? त्याला सांगितलं मी, तुझी बायको पेपरला बसलीय. खुर्चीवर फोटो होता, तो काही बोलला नाही. म्हणजे चालतंय त्याला."

सासूबाई, तीन वर्षांत आपण दोघी एकत्र हसलो नव्हतो. त्याच्यावरून तर नाहीच.

तुम्ही गेल्यावर सोमवारी मी प्राध्यापकांच्या दाराशी जाऊन बसले. या वेळी उठले नाही. नंबर आला तेव्हा सगळं सांगितलं, थोडक्यात. ते मोठे कुणी दयाळू वगैरे नाहीत. म्हणाले, "आधी यायला हवं होतं." मग माझा पेपर काढून प्रत्येक चुकीवर बोट ठेवलं. म्हणाले, तुला विषय येतो, तू घाईत वाचतेस आणि अर्ध्यावर सोडून देतेस. दर सोमवारी ये. मी गेले. रांगेतल्या त्या हुशार दिसणाऱ्या मुलांनाही काही येत नव्हतं, हे तिथे बसल्यावर कळलं. त्यांतल्या दोघांबरोबर आता मी अभ्यास करते. ते आमच्याकडे येतात आणि एलियास त्यांना कोंबड्या काढायला शिकवतो.

शेवटचा पेपर झाला, निकाल काल लागला. रसायनशास्त्रात पास झाले, जेमतेम. बाकी दोन विषय चांगले आहेत. जानेवारीच्या वर्गांत मी नाव नोंदवलंय. रसायनशास्त्राचा पुढचा भाग आहे आणि पाण्याचा एक विषय आहे, विहिरींचा, ज्याच्यासाठी मी मुळात इथे आले. आपल्या गल्लीत नळाचं पाणी पिता येत नाही आणि का येत नाही हे कुणी नीट सांगत नाही, ते मला शिकायचंय.

आता ती गोष्ट, जी समोर सांगता येणार नाही.

शिकून झालं की लिंडसीला परत येईन, असं मी अर्ज भरला तेव्हापासून तुम्हाला म्हणत आले. ऑगस्टमध्ये तेच ओरडून म्हणाले. ते मी तुमची समजूत काढायला म्हणत होते, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. मी कुठे असेन, मला खरंच माहीत नाही. जिथे काम मिळेल तिथे. कदाचित जवळ, कदाचित आणखी लांब. एलियास तुमच्या अंगणात मोठा होणार नाही, आणि ते तुम्ही कपाटात स्वेटर ठेवलात तेव्हाच कबूल केलंत, माझ्या आधी. त्याची किंमत तुम्ही देताय. घर रिकामं झालंय ते तुमचं.

एवढंच सांगू शकते की माझ्या घरात तो कधी कुणाला विचारणार नाही, ही बाई किती दिवस राहणार म्हणून. तुम्ही कितीही दिवस राहिलात तरी.

शुक्रवारी आल्या आल्या आपण आधी कबरीवर जाऊ. झेंडू मिळणार नाही आता, जे मिळेल ते नेऊ.

एलियासचा पापा तुम्हाला, आणि तुमच्या दोन्ही हातांना माझा.

रूबेनची बायको, एलियासची आई,
आणि तुम्हाला चालणार असेल तर तुमचीच,
आरासेली