आत्याच्या मनगटाचा निवाडा

गोहलपुर, जबलपूर
९ जानेवारी १९६६

ती. विनीताताईस,

धाकट्या श्रीरंगाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे मी बरा आहे. अनसूयाआत्याही बरी आहे, पण तिच्याविषयी लिहायला बसलो की हात आपोआप जोडले जातात आणि लेखणी खाली पडते.

तुला माहीतच आहे, लढाई लागल्यापासून कारखान्यात बारा-बारा तास काम, आणि आमच्या खात्यातली चाळीस माणसं आत्याच्या पोळ्यांवर जगून राहिली. सप्टेंबरात भर दुपारी खाकी कपड्यातला एक माणूस दारात आला. ‘माताजी, जवानों के लिए सोना,’ म्हणाला. आत्याने दोन्ही पाटल्या उतरवून दिल्या. (मी चार आणे दिले. पावती मलाही मिळाली.) पावतीवर शिक्का नाही हे आत्याने पाहिलं आणि त्याची बाही धरली. त्याने ढकललं. ती ओट्यावरून पडली, मनगट मोडलं. मी वाऱ्यासारखा त्याच्यामागे धावलो. कमानिया गेटपाशी तो पकडला गेला. पाटल्या कमरेला सापडल्या. नाव दुर्गाप्रसाद.

गेल्या महिन्यात निकाल लागला. मला वाटलं, चोराला कैद, पाटल्या परत, चलो, घरी जाऊ. पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढून आत्याला विचारलं, या हाताने आपण काय करत होता? आत्या म्हणाली, रोज दोनशे पोळ्या. साहेबांनी ते लिहून घेतलं! ताई, सरकारी कागदावर पोळी चढलेली मी जन्मात पाहिली नव्हती. नऊ महिने कैद, तीनशे रुपये दंड, आणि त्या दंडातले दोनशे बाईंच्या हाताची भरपाई. अख्खं कोर्ट माना उंचावून आत्याकडे पाहू लागलं. (मी तर उभा राहिलो, शिपायाने बसवलं.)

आत्याने विचारलं, ‘साहेब, ये पैसे सरकार के हैं कि इसके?’

‘इसके, माताजी.’

‘फिर लेती हूँ. लड़ाई में सरकार का कौन ले!’

पुढल्या आठवड्यात भरपाईचे पैसे घ्यायला गेलो, तेव्हा कोर्टाच्या पायरीवर दुर्गाप्रसादची बायको गेंदाबाई बसली होती. दंड भरायला तिने आपलं शिवणयंत्र विकलं होतं, आणि तिचं पोट त्याच यंत्रावर. आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ऐकवते. पण आत्याने एवढंच विचारलं, ‘रोटी बेलना आता है?’

दुसऱ्या दिवसापासून गेंदाबाई आमच्याकडे पोळ्या लाटून राहिली. पगार त्या दोनशेतून. मी आत्याला म्हटलं, ‘काहून पण?’ ती म्हणाली, ‘अरे, साहेबांनी भरपाई हाताची दिली न? मग मी हातच आणला.’

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
श्रीरंग

ता. क. मी वाऱ्यासारखा धावलो ते खरं, पण दोन घरं. पुढे शेजारच्या कुंदाताई मास्तरीण सायकलवरून गेल्या. पकडलं त्यांनीच.

ता. क. पुन्हा. हे पत्र आत्याने लिहायला बसवलं आहे. दुर्गाप्रसादला तुमच्या सागरच्या तुरुंगात हलवलं. गेंदाबाईला इतक्या लांब जाणं जमत नाही, म्हणून भेटीच्या दिवशी तू एकदा जाऊन ये. सांग, बायको आमच्याकडे आहे, दोन वेळ नीट जेवते. आत्याचं मनगट जुळलं, पण लाटणं धरवत नाही. आणि आत्या त्याच्यावर अजून रागावलेली आहे. हे शेवटचं तुझ्या स्वभावाप्रमाणे गोड करून सांगू नको, असं तिने दोनदा बजावलं आहे.