एवढी पायरी झाली की ये

कुचिंग,
२९ जून

चि. जेसिंता हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून हे पत्र तुझा मामेभाऊ ऑगस्टिन याच्या हाती देते. तो मलाक्क्याला कामाला निघाला आहे. त्याला बजावलं आहे की ती काम करते त्या बेकरीत गिऱ्हाईक असेल तर बाहेर थांब, पाव भट्टीतून निघू दे, मग दे. चारचौघांत देऊन तिला लाजवू नकोस.

आमचं ठीक चाललं आहे. सुगीचा गवाय सण झाला. बांबूतली कोंबडी यंदा तुझ्या काकूनं केली आणि मीठ विसरली, तरी सगळे वा वा करत जेवले. मी केली असती आणि मीठ विसरले असते तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. तांदळाची दारू बाबांना नको तेवढी झाली. मिरीचे वेल बरे आहेत. माझा गुडघा दुखतो. ठेला अजून पोहण्याच्या तलावाच्या फाटकाशीच आहे, आणि नूडल्स खायला येणारे आईबाप अजून तेच बोलतात: माझी एक मीटरला पोचली, तुमचा अजून काठावरच का?

डेल्विना दहा वर्षांची झाली. तू मलाक्क्याला गेलीस तेव्हा ती चार वर्षांची होती, तुला आठवते ती गुबगुबीत पोर. आता हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या आहेत. तीही सूर मारते. हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. मी सांगायला हवं होतं, पण कुठल्या तोंडानं सांगणार?

मी नको म्हटलं होतं. खरं सांगू? एकदाच म्हटलं होतं, तेही हळू आवाजात.

तिची एकेक पायरी पाहताना मला तुझी आठवते. सात वर्षांची होतीस. काठावर बसून, हात डोक्यावर जोडून पाण्यात घरंगळायचं, ही पहिली. मग उभ्यानं. मग एक मीटरच्या फळीवर तीन पावलं, एक उसळी आणि सरळ उडी. मग डोकं खाली. प्रत्येक उडी परीक्षकांपुढे लागोपाठ तीनदा नीट झाली की पुढची पायरी. कोच टिंग माझ्या ठेल्यावर येऊन म्हणाले होते, "विनी, तुझ्या मुलीत एक मोठा दोष आहे. तिला शिंतोडे उडवताच येत नाहीत. काय करायचं तिचं?" त्या दिवशी मी त्यांच्याकडून नूडल्सचे पैसे घेतले नाहीत.

पाण्याकडे पाठ करून फळीच्या टोकावर उभं राहायचं आणि फळीच्याच दिशेनं खाली वळायचं, त्या सुरापाशी तू अडलीस. नऊ वर्षांची होतीस. वीस मिनिटं तिथे उभी राहून रडत होतीस. मी वरच्या बाकांवरून ओरडले, "मारायची तर मार, नाहीतर घरी चालत ये!" आपलं गाव तिथून चौदा मैल. तू मारलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे कित्येक वर्षं मी हा किस्सा नूडल्स ढवळता ढवळता सगळ्यांना सांगितला. लोक हसायचे, मी पण हसायचे. तू एकदा पातेल्यामागे उभी राहून ऐकलास आणि आत निघून गेलीस. मी म्हटलं, बघा, नखरे आले.

बाराव्या वर्षी क्वालालंपूरच्या खेळाच्या शाळेत तुझी निवड झाली. गावाच्या चर्चमध्ये नाव घेतलं गेलं. तिथे तीन मीटरची फळी. पुढून, मागून, उलटा, आत वळून आणि गिरकीचा, अशा पाच तऱ्हांचे सूर पुरे झाल्याशिवाय देशाच्या संघात नाव नाही. रविवारी चार वाजता तुझा फोन यायचा. पहिल्या वर्षी तू रोज सकाळी वजन करतात ते सांगायचीस. दुसऱ्या वर्षी मनगट दुखतं ते. "आई, मला न्यायला ये ना." मी म्हणायचे, "एवढी पायरी झाली की ये." ती झाली की पुढची असायची. पायऱ्यांना कुठे तोटा होता?

आता का लिहिते आहे ते सांगते.

सणाच्या आधीच्या आठवड्यात कोच टिंग फॉर्म घेऊन आले. डेल्विनाला राज्याच्या संघात घ्यायचं आहे. राहायचं घरीच, पण सराव तीन मीटरवर. मी फॉर्म कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी डेल्विना तलावावरून आली, चपला काढल्या नाहीत, पिशवी खाली टाकली नाही, दारातच उभी.

"आई, ताई खोटारडी होती का?"

"कोण म्हणालं?"

"कोच. म्हणजे, खोटारडी असं नाही म्हणाले. दर महिन्याला सांगतात. जेसिंतानं डोळ्याचा त्रास लपवला, तिचा डोळा गेला. तुम्ही तसं करू नका, काही झालं तर सांगा. आज ती नवीन आलेली मुलगी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, तुझीच ना ती ताई?" मग नाक ओढून तिनं विचारलं, "तिनं का नाही सांगितलं? मी असते तर सांगितलं असतं. निदान तुला तरी."

मी तिला म्हटलं, हातपाय धू, जेवायला बस.

जेसिंता, सहा वर्षं तुझं नाव त्या तलावावर अशा रीतीनं घेतलं जातं हे मला माहीत नव्हतं. ठेला फाटकापाशी असून माहीत नव्हतं. की होतं? पोरं येता-जाता बोलायची, माझ्याकडे बघून गप्प व्हायची. मी समजायचे, बिचारी कीव करतात.

तो रविवार तुलाही आठवत असेल, पण मला माझ्या हातानं लिहू दे. उलटा सूर, अडीच कोलांट्या. पुढे तोंड करून उडायचं आणि कोलांट्या मागे फळीकडे. तेवढा एकच उरला होता, आणि पंधरा दिवसांवर निवड. तू कोलांटीतून अंग लवकर उघडायचीस आणि तोंडावर पडायचीस. कधी दिवसात वीसदा, कधी तीसदा. फोनवर म्हणालीस, "आई, डाव्या डोळ्यापुढे माशा उडतायत."

मी म्हटलं, "मग हाकल." आणि हसले. माझ्यासमोर गावच्या चार बाया बसल्या होत्या, त्याही हसल्या.

इतकंच झालं असतं तर अडाणीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. सहा वर्षं मी स्वतःला इतकंच सांगत आले. पण तू पुढेही बोललीस. "बाजूनं काळा पडदा सरकतो गं. पाण्याखालून वर आले की दिवा चमकल्यासारखं होतं." तेव्हा मी उठले, बायांपासून लांब, मिरीच्या वेलांपर्यंत गेले. म्हणजे मला कळलं होतं. न कळणारी बाई जागची उठत नाही.

मी विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"फक्त तुला."

"मग आता आणखी कुणाला सांगू नकोस. डॉक्टर एकदा नको म्हणाला की संपलं सगळं. सात वर्षं पाण्यात गेली तुझी. पंधरा दिवस कळ काढ. एवढी पायरी झाली की ये, मी स्वतः दवाखान्यात नेते."

तू "बरं" म्हणालीस. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी तो उचलला नाही. वाजताना बघत बसले. मंगळवारी शाळेतून फोन आला की डोळ्याचा पडदा सुटला आहे, शस्त्रक्रिया झाली आहे, उशीर झाला.

आणि मग ती चौकशी. लांब टेबल, तिघं माणसं, थंडगार खोली. तू माझ्या डाव्या हाताला, डोळ्यावर पांढरी पट्टी. बाबा उजवीकडे. त्या चष्मेवाल्या बाईनं अगदी नम्रपणे विचारलं होतं, "मुलीनं घरी काही सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." एवढा छोटा शब्द, माझ्या तोंडून किती सहज गेला! तू काही बोलली नाहीस. फक्त तुझी खुर्ची थोडी पलीकडे सरकवलीस. त्यांनी कागदावर लिहिलं की खेळाडूनं त्रास लपवला, आणि माझं मन हलकं झालं. हो, हलकं झालं. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तुझा मला रागही यायचा. का बोलली नाही ही? तिथेच म्हणायचं होतं, आई खोटं बोलते. चौदा वर्षांची घोडी, तोंड नव्हतं का? असं मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडायचे. ज्या पोरीला मी स्वतः सांगितलं कुणाला सांगू नकोस, तिनं ऐकलं म्हणून तिच्यावरच राग.

सणानंतरच्या बुधवारी मी ठेला अर्ध्यातच बंद केला आणि आत गेले. बारा पोरं ओल्या अंगानं भिंतीला टेकून बसली होती. डेल्विना शेवटी. कोच टिंग म्हणाले, "विनी, नूडल्स नंतर. आता सराव चाललाय."

मी म्हटलं, "नूडल्स नाही आणले. तुम्ही माझ्या जेसिंताबद्दल या पोरांना काय सांगता?"

ते वरमले. "वाईट हेतू नसतो गं. पोरांच्या भल्यासाठीच."

"ते खोटं आहे. तिनं सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. मीच तिला म्हटलं, गप्प राहा."

एक पोर शिंकलं. कोच टिंग मला बाजूला ओढू लागले, "चल, आत बसून बोलू." मी म्हटलं, "तुम्ही तिचं नाव आत बसून घेत नव्हतात. मीही बाहेरच बोलणार." आणि पुन्हा सगळं सांगितलं. माशा, पडदा, पंधरा दिवस, चौकशी. ठेल्यावर किस्सा सांगावा तसं रंगवून नाही, अडखळत, मध्येच थांबत. तीन मीटरच्या फळीवर एक मुलगी उभीच होती, ती खाली बघत शिडीनं परत उतरली.

कोच टिंग म्हणाले, "हे तू सहा वर्षांनी सांगतेस?"

"हो."

"मी त्या चौकशीत शपथेवर सांगून आलो की मी या मुलीला दुखणं सांगायला शिकवलं होतं, तिनं ऐकलं नाही. सहा वर्षं मनात तिला दोष दिला मी." ते ओल्या फरशीवरच बसले. "तुझी चीड येते मला, विनी. जा इथून."

मी आले.

बाबांना ते फाटकावरच्या लोकांकडून कळलं, माझ्याकडून नाही. तेवढा धीर माझ्यात उरला नव्हता. ते काही ओरडले नाहीत. चटई उचलली आणि मिरीच्या मळ्यातल्या खोपटात गेले. तीन दिवसांनी आले. आता डेल्विनानं वाढलं तर जेवतात, मी वाढलं तर ताट तसंच राहतं. गावातल्या बायका, त्या दिवशी माझ्याबरोबर हसलेल्यासुद्धा, चर्चमध्ये माझ्या बाकावर बसत नाहीत. त्यांचं चुकत नाही. पण त्यांतल्या दोघींच्या पोरी तलावावर आहेत आणि त्या दोघी रोज बाकांवरून ओरडतात, हे मला दिसतं.

फॉर्मवर मी सही करणार नव्हते. डेल्विनानं आकाशपाताळ एक केलं. "ताईचा डोळा तुझ्यामुळे गेला. मग माझी फळी का काढून घेतेस?" शेवटी बाबांनी सही केली. अट घातली, दर तीन महिन्यांनी डोळे तपासायचे, कोच टिंग स्वतः नेणार. ते कबूल झाले. माझ्याकडे न बघता.

फॉर्मवर एक रकाना असतो, काही झालं तर कुणाला कळवायचं. तो डेल्विनानं स्वतः भरला, जेवणाच्या टेबलावर, जीभ बाहेर काढून, एकेक आकडा कोरून. बाबांचा नंबर. दुसरा नंबर हवा होता, तिथे तिनं काकूचा लिहिला. मी शेजारी भाजी निवडत होते. मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

चौकशीच्या त्या तिघांच्या कार्यालयाला मी सगळं लिहून पाठवलं आहे, सही करून. त्यांनी उत्तर दिलं नाही. देतील असं वाटत नाही, कागद बंद झाला की बंद. पण त्याची एक प्रत या पाकिटात आहे. ती तुझी आहे. बेकरीत दाखव, कुणाला दाखव, फाडून टाक.

माफ कर असं लिहिणार नाही. तू "बरं" म्हणशील अशी भीती वाटते. मी सांगितलेलं ऐकायची तुला सवय होती.

ये असंही म्हणत नाही. 

तू लपवलं नव्हतंस. मी लपवलं.

तुझी आई,
विनिफ्रेड अनाक सिपित
(पूर्ण नाव मुद्दाम लिहिलं आहे. नुसत्या "आई" या सहीवर तू आता विश्वास ठेवू नयेस.)