स्टायरिनची राखण

३ मार्च, सोमवार
साठी उलटल्यावर नोकरी लागली, स्वारी खूश! कारखान्याच्या आवारातच दोन खोल्या. हिने आल्या आल्या पडदे लावले. खिडकीसमोर माझी टाकी. आत स्टायरिन, पाण्यासारखं पातळ; त्याचे पुढे प्लास्टिकचे पेले, डबे होतात. तापलं की ते आपोआप थिजू लागतं, थिजताना आणखी तापतं, म्हणून त्यात थिजणं रोखणारं औषध घालतात. तापमानाचा काटा कधीचा बंद. मुकादम म्हणाले, इथे वासावरच काम चालतं, वास वाढला की टाकी तापली समजायचं. जुन्यांची नाकं मेली, की नवा माणूस घ्यायचा. जन्मभर नाक खुपसतो म्हणून बोलणी खाल्ली, आता त्याचाच पगार!

६ मार्च
गोडसर वास वाढलाय. सांगायला गेलो तर मुकादम म्हणाले, काय आजोबा, आजींनी अत्तर लावलं का? सगळे फिदीफिदी हसले. माझ्या आधीचा राखणदार भिंतीला टेकून असतो. चिरलेला कांदा नाकाशी धरला तरी त्याला कळत नाही. माझ्याकडे बघून त्याने बोटं मोजली. म्हणाला, तुझे फार तर आठ दिवस.

९ मार्च
औषधाचं पिंप रिकामं. मुकादमांना दाखवलं. त्यांनी झाकण लावलं आणि दम दिला, बोभाटा केलास तर आजच सामान बाहेर. डोकं जड. टाकीचा पत्रा कोमट लागतो.

११ मार्च
वास गेला! धावत जाऊन सांगितलं. मुकादमांनी पाठ थोपटली, कारखान्याच्या नोंदवहीत ‘ठीक’ लिहिलं. घरी आलो तर हिने दारातच पदर नाकाला लावला. म्हणाली, अहो, केवढा हा वास, घरभर भरलाय! मला तर काहीच—

१२ मार्च, सकाळ
पत्र्यावर तळवा टेकवत नाही. ओरडलो. कोणी उठेना. जुना राखणदार म्हणाला, कालच तर ठीक म्हणालास, म्हाताऱ्या. मुकादम गायब. फाटकाला बाहेरून कुलूप.

दुपार
टाकी गुरगुरतेय. हिला आवाराच्या भिंतीवर चढवली, पलीकडे उतरवली. माझे गुडघे चढू देत नाहीत. अगं, ही वही भिंतीवरून तुझ्याकडे फेकतो. गावात दाखव. औषध संपल्याचं सांग.

झाकणाचे बोल्ट सुटताहेत. तुझ्या बांगड्या ऐकू येताहेत, अजून भिंतीपाशीच आहेस. माझी वाट बघू नकोस. अगं, पळ ना, जा—