दहा नंबरचे बूट

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी उजवा गुडघा सध्या जमिनीला टेकत नाही, तेव्हा साडेसात अंगांचा धरून चाल.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचं पोट आत गेलं की अजून बाहेरच आहे? इकडे आम्ही सगळे मजेत. हिचं शिवणकाम जोरात चाललंय, घरभर चिंध्या आहेत आणि माझ्यावर लक्षही नेहमीसारखंच आहे.

मागच्या महिन्यात तू आलीस, चार दिवस राहिलीस आणि जाताना माझे फुटबॉलचे बूट उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घेऊन गेलीस, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. चोरी म्हणत नाही. सख्खी थोरली बहीण आहेस, लहानपणी माझी गोफण आणि पतंगाची रीळ अशीच गेली होती. हिची फूस होती हेही ठाऊक आहे, कारण अभ्रा आमच्याच घरचा होता. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलंच होतं, की हा गुडघा पायऱ्या चढण्यापुरता जपून वापरा. मग मीही म्हटलं, वयाची एक्केचाळीस वर्षं झाली, अठरा वर्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याकडून खेळलो, त्यातली सतरा वर्षं हरलो, आता पुरे. हिच्या हातावर हात मारून शब्द दिला. आणि ताई, तो शब्द मी तब्बल तेवीस दिवस पाळला.

चोविसाव्या दिवशी कप्तान आला. कप्तान म्हणजे आमचा खळ शिजवणारा, ज्याला आम्ही डिंक म्हणतो. (एकदा घरी आला की उठत नाही म्हणून.) तो दोन कप चहा पिऊन रडकुंडीला आला. आमच्या साहेबांनी नोटीस लावली होती, की यंदाही संघ तळाला राहिला तर संघ बंद आणि कारखान्यामागच्या मैदानावर कागदाच्या रिळांसाठी गोडाऊन. शेवटचा एक सामना उरलेला, तोही बर्फवाल्यांशी. बर्फाच्या कारखान्याची ती पोरं रोज पहाटे लाद्या उचलतात, त्यांच्या मांड्या माझ्या कमरेएवढ्या. आम्हाला जिंकायचं नव्हतं, ते कुणाच्या डोक्यातही नव्हतं. नुसती बरोबरी झाली तरी एक गुण मिळून आम्ही तळातून वर सरकत होतो. पण आमचा डावा बचाववाला बायकोच्या बाळंतपणाला गेलेला, आणि ती जागा अठरा वर्षं माझी. डिंक म्हणाला, पळू नकोस, फक्त उभा राहा. आता उभं राहणं म्हणजे काही खेळणं नव्हे, हे तूसुद्धा मान्य करशील.

आणि खरं सांगू का, मला राहवलं नाही. तीन वर्षांपूर्वी बाटल्यांच्या कारखान्याने त्यांच्या संघात बोलावलं होतं, चांगली जागा देत होते, तू आणि भाऊजींनी किती समजावलंत. तेव्हाही मला हेच वाटलं, की जिंकणाऱ्यांना माझ्यावाचून काय अडलंय? आमच्या खोकेवाल्यांना मात्र अडतं. दिवसभर कटिंग मशीनवर उभं राहून कान किटतात, मग पाचाच्या भोंग्यानंतर त्या मैदानावर तासभर चेंडूमागे धावलं की माणसात आल्यासारखं वाटतं. तिथे रिळं रचलेली मला बघवली नसती.

आता बूट. माझे तुझ्याकडे. बाकीच्यांचे बूट त्यांच्या पायांत. शेवटी वजनकाट्यावरचे काका पुढे आले. हे काका बावन्न वर्षांचे, आमचे कायमचे राखीव खेळाडू. अकरा वर्षं बाकावर बसलेत, एकदाही मैदानात उतरलेले नाहीत. (कुणीतरी पाणी-पिशव्या बघायला हवंच ना.) त्यांचे बूट अकरा वर्षांचे, पण कोरे करकरीत, दर रविवारी पॉलिश केलेले. माझ्या हातात देताना म्हणाले, "घाल बाबा. निदान बूट तरी मैदानात उतरू देत." मी लगेच पाय घालून बघितला. पण नंबर दहा, आणि माझा पाय आठ. मग कटिंग मशीनवरून पुठ्ठ्याचे तुकडे आणले आणि पात्याने वेडेवाकडे कापून बुटांत कोंबले. घरी हिच्या कात्रीने नीट कापता आले असते, पण ती कात्री कापडाची. त्या कात्रीने कुणी कागद कापलेला दिसला तर आमच्या घरात आठवडाभर अबोला असतो. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी त्या कात्रीला बोट लावलेलं नाही.

हिला काय सांगायचं हा प्रश्न होता. रविवारी दुपारी मी सहज म्हणालो, जरा केस कापून येतो. ही म्हणाली, या. झालं. मी खूश. मैदानावर पोचलो, फळीत उभा राहिलो, समोर पंच शिट्टी पुसतोय, बघतो तर आमचा न्हावी! ताई, दर सामन्याला तोच पंच असतो, हे मी अठरा वर्षं बघतोय. सामना म्हटलं की त्याचं दुकान बंद. एवढं खोटं बोलायचं होतं तर शिंपी, चांभार, दातांचा डॉक्टर, कुणीही चाललं असतं! मला दरदरून घाम फुटला. त्यात तो नाणेफेकीच्या वेळी माझ्या कानशिलांकडे बघून म्हणाला, "कल्ले वाढलेत, या उद्या."

सामना मी थोडक्यात सांगतो. पहिला पाऊण तास बर्फवाल्यांनी आमच्या गोलावर इतके फटके मारले, की आमच्या गोलकीपरच्या (हा शिलाई यंत्रावर असतो, हात भलते चपळ) बोटांना सूज आली. दुसऱ्या अर्धात चेंडू माझ्याकडे आला. समोरून दोन बर्फवाले. मी काही विचार केला नाही, डोळे मिटून चेंडू रस्त्याकडे टोलवला. म्हणजे रस्त्याकडेच मारला होता. पण पुढे पुठ्ठा कोंबलेला दहा नंबरचा बूट, त्याचं टोक कुठे आणि माझा अंगठा कुठे! चेंडू सरळ वर गेला आणि त्याच्यामागोमाग बूटही. त्यांचा गोलकीपर बराच पुढे येऊन उभा होता. त्याने हवेत दोन वस्तू बघितल्या आणि बिचाऱ्याने बुटावर नजर ठेवली. बूट मैदानाच्या मधोमध पडला, चेंडू त्याच्या डोक्यावरून टप्पा घेऊन आत. न्हावी क्षणभर डोकं खाजवत राहिला, मग त्याने शिट्टी वाजवली. गोल!

इथे आमच्या लोकांनी जे केलं ते फक्त आमचेच लोक करू शकतात. अकरा महिन्यांत आमचा एकही गोल झालेला नव्हता, त्यामुळे गोल झाल्यावर काय करायचं याची कुणालाच सवय नाही. दहाच्या दहा जण धावत माझ्या अंगावर आले, गोलकीपरसुद्धा. डिंक मला चिकटला तो सुटेना. कुणी रडतंय, कुणी माझा उघडा पाय हातात घेऊन बसलंय. आम्ही सगळे आपल्याच अर्ध्या भागात, रेषेजवळ, ढिगासारखे पडलेलो. इतक्यात शिट्टी ऐकू आली. कुणी लक्ष दिलं नाही. बर्फवाल्यांनी मधून खेळ सुरू केला, त्यांचा एक जण शांतपणे चालत चालत आला आणि आमच्या रिकाम्या गोलात चेंडू ठेवून गेला. नियमात बसतं म्हणे. ढिगाखालून मी वजनकाट्यावरच्या काकांचा ओरडा ऐकला, ते एकटेच सगळं बघत होते. एक-एक.

पण बरोबरीच हवी होती ना! पुढची बावीस मिनिटं आम्ही चेंडू दिसला की मैदानाबाहेरच्या रद्दीच्या ढिगाऱ्याकडे मारत सुटलो. शेवटच्या मिनिटाला त्यांचा एक फटका गोलात चाललेला, गोलकीपर पडलेला, मी गोलरेषेवर पाठ केली आणि डोळे मिटले. तो आवाज अजून कानात आहे. पाठीवर चेंडूएवढा लालभडक गोल उमटलाय. पण चेंडू बाहेर गेला, न्हाव्याने शिट्टी वाजवली आणि मैदान वाचलं. साहेबांनी सोमवारी नोटीस काढून टाकली. काका बूट छातीशी धरून घरी गेले. मी खूप दिवसांत इतका सुखी झालेलो नाही, ताई.

घरी आलो तेव्हा केस होते तेवढेच होते. हिने एकदा डोक्याकडे बघितलं आणि चहा ठेवला. पाठीचं मात्र विचारलं, तर मी सांगितलं, न्हाव्याची खुर्ची मोडकी आहे. तिने मलम लावलं. तेव्हा हिला यातलं अक्षरही माहीत नाही, आणि तूही कळू देऊ नकोस. आता मी खरंच थांबलोय. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. माझे बूट परत पाठवू नकोस. मला त्यांचं आता काही काम नाही. शपथेवर सांगतो.

ता. क. २. भाऊजींनी पोट कमी करायला मागे फुटबॉलचे बूट घेतले होते आणि दोनदा घातले, ते पडून असतील ना? त्यांचा नंबर दहा, असं मला आठवतं. काकांना पुढच्या हंगामात पहिल्याच सामन्यात उतरवायचं ठरलंय, त्यांचे बूट त्यांना लागणार. आणि आठ नंबरच्या बुटात माझा असा फटका बसणार नाही, असं सगळ्यांचं मत पडलंय. तरी तेवढे पाठव. पार्सल कारखान्याच्या पत्त्यावर.

ता. क. ३. पत्र हिच्याकडेच पोस्टात टाकायला देतोय. काळजी नको, पाकीट आमच्या कारखान्याच्या खळीने चिकटवलंय, ते बापजन्मात उघडत नाही.

ताई, नमस्कार. पाकीट वाफेवर दोन मिनिटांत उघडलं. रविवारी यांच्या मागोमाग मी न्हाव्याच्या दुकानाकडे गेले होते, यांचा मानेभोवती गुंडाळायचा रुमाल घरीच राहिला म्हणून. कुलूप बघितलं आणि तशीच मैदानावर गेले, कान धरून घरी आणायला. सतरा वर्षांत पहिल्यांदाच गेले. कुंपणापाशी उभी राहिले आणि शेवटपर्यंत हललेच नाही. पाठीवर चेंडू बसला तेव्हा मी इतकी मोठ्याने ओरडले, की शेजारची बर्फवाल्यांची बाई मला पाणी द्यायला लागली. तुम्ही आणि मी मिळून ते बूट नेले, ते आपलं चुकलं असं मला वाटतं. गुडघ्याचं मी डॉक्टरांशी बोलून बघते. भाऊजींचे दहा नंबरचे बूट जरूर पाठवा, घरच्याच पत्त्यावर. आतला पुठ्ठा मी माझ्या कात्रीने कापून देईन.