सकाळीच निघून गेलेली गाडी

मी, आवडाबाई रंगनाथ काथार, वय ७१, धंदा जनरल विमा ब्रोकर, राहणार पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवत आहे. विम्याच्या अर्जात आजार लपवू नका असे आयुष्यभर लोकांना सांगत आले, तेव्हा माझेही लिहिते. मला मधुमेह आहे, डाव्या कानाने कमी ऐकू येते आणि राग लवकर येतो. डोके मात्र ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. पदमपुऱ्यातील घर माझ्या सासऱ्यांनी निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर घेतले. यजमानांनी ते माझ्या नावे करून ठेवले. हे संपूर्ण घर माझा एकुलता एक मुलगा बद्रीनाथ यास मिळावे. अंगणातले सीताफळ तोडू नये. तोडलेस तर मी वरून पाहणार आहे, एवढे लक्षात असू दे.

२. बँकेतील ठेवी नात ईश्वरी हिच्या शिक्षणासाठी आहेत. तिच्या लग्नात त्यांना हात लावू नये.

३. माझे दीर तात्यासाहेब यांनी चारचौघांत माझी ओळख कायम "आमच्या वहिनी पॉलिशा विकतात" अशी करून दिली. कार्यालयातला माझा मुदत संपलेला, फ्रेम केलेला ब्रोकरचा परवाना त्यांना द्यावा आणि त्यांनी तो बैठकीत लावावा. भाऊजी, एजंट कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर ग्राहकाचा. ग्राहकाला काय जोखीम आहे ते आधी समजून घ्यायचे, अर्जात काही लपवू द्यायचे नाही आणि क्लेम मिळेपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहायचे, हे कायद्याने माझे काम होते. तुमची मोटार ठोकली गेली तेव्हा तुम्हाला वहिनी बरोबर आठवली होती.

४. आता मुख्य गोष्ट. आमच्या ब्रोकर कंपनीतील माझे सर्व शेअर क्लेमचे काम पाहणारी सुनंदा म्हस्के हिला द्यावेत. माझे गमबूट आणि टॉर्चही तिलाच. जळलेल्या शेडमध्ये चपला घालून जाऊ नये, हे तिला मीच शिकवले आहे.

यावर बद्रीनाथ चिडेल आणि कदाचित कोर्टातही जाईल. म्हणून कारण लिहिते.

वाळूजमध्ये गयासभाई यांचा गाड्यांच्या सीटसाठी फोम कापण्याचा कारखाना होता. एका दुपारी तो जळाला. फोमच तो, बघता बघता गेला. संगणक गेला, बिले गेली. विमा कंपनीने नुकसान मोजायला नेमलेले सर्व्हेअर आले. कर्जासाठी बँकेला दिलेल्या मालाच्या पत्रकावरून आम्ही जळालेला साठा धरला होता आणि तो सर्व्हेअरपुढे मांडायचे काम माझे होते. मी मांडत होते. गयासभाईंच्या पत्नी जोहराभाभींनी थर्मासमधून आणलेला चहा सगळ्यांच्या हातात होता. तेवढ्यात गयासभाई म्हणाले,

"ताई, एक गाडी सकाळीच गेलती जालन्याला. तेवढा माल धरू नका."

हे मलाही नवीन होते. त्या गाडीचे बिल व्हायचे राहिले होते. सर्व्हेअर म्हणाले, "याचा काही कागद?"

"कागद जळाले साहेब. मी नाय जळालो."

मी चहाचा कप खाली ठेवला. पायाखाली अजून गरम राख होती, समोर पत्रे वाकून पडले होते आणि ज्याचे सर्वस्व गेले तो माणूस स्वतःचा क्लेम कमी करून घेत होता. क्लेम कमी मिळाला. गयासभाई त्यानंतर कितीतरी वर्षे भाड्याच्या गाळ्यात स्वतः मशीनवर बसले.

घरी हे सांगितले तेव्हा बद्रीनाथ म्हणाला, "आई, एवढं सांगायची काय गरज होती? तू तरी गप्प करायचं ना त्यांना." तो वाईट मुलगा नाही. पण असे वाटणाऱ्या माणसाने माझ्या खुर्चीत बसू नये.

वेरूळचा लॉजवाला, कन्नडचा जिनिंगवाला, छावणीतली बेकरीवाली, यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. तरी एकाचे छप्पर गेले तर बाकीच्यांच्या हप्त्यांतून ते पुन्हा उभे राहते. इतकी वर्षे हाच धंदा केला, पण याचे नवल अजून ओसरलेले नाही. आणि हा सगळा डोलारा टिकतो तो माणूस खरे सांगेल या भरवशावर. ते खरे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

५. गयासभाईंना मी काहीही ठेवलेले नाही, हे चुकून राहिलेले नाही. द्यायला खूप सुचले होते. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याच्या साक्षीवर लोक बोट ठेवतात आणि मला साक्षीला तेच हवे आहेत. बद्रीनाथ म्हणतो, "सहीला कुणीही चालतं." चालत नाही, बाबा. उद्या तू कोर्टात गेलास, तर न्यायाधीशांसमोर गयासभाई उभे राहतील. मग तुझे तू बघ.

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : आवडाबाई रंगनाथ काथार

साक्षीदार :

१. डॉ. दिगंबर खोतकर, पदमपुरा. आवडाबाईंनी शुद्धीत, आम्हा दोघांसमोर सही केली.

२. गयास अब्दुल जब्बार, छावणी. वरचं मी वाचलेलं नाय. ताई म्हणाल्या, डॉक्टरांनी लिहिलं तेच खाली लिहा. पण शुद्धीचं डॉक्टरांना कळतं, मला नाय. ताईंनी सही केली, ती मी बघितली. माझी साक्ष तेवढीच.