हलकं आणि हलकी

अहो,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही फौजेत होता तेव्हाही आपलं फोनवरच भागायचं. आज लिहितेय, कारण तुमच्या दुकानातून शिंदे भाऊजींचा फोन आला होता. कुठल्या जनावराला कुठलं काडतूस, हा तुम्ही हाताने लिहून काउंटरमागे लावलेला तक्ता मालकांनी परवा काढून टाकला. भाऊजी चाचरत म्हणाले, "वहिनी, साहेबांनी बू फहदना असं कसं सांगितलं?"

तुम्ही नव्हतं सांगितलं. मी सांगितलं, तुमचं नाव घेऊन. आणि दोन महिने तोंड शिवून बसलेय.

बू फहद, ते इथले अरब म्हातारे, तुम्हाला आठवत असतील. उजव्या खांद्यातला फाटलेला स्नायू शिवून घेऊन माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये आले होते. वडील मुंबईला खजूर घेऊन जायचे म्हणून म्हातारा झकास हिंदी बोलतो. वर्षभर मी त्यांचा हात बोट बोट वर चढवला. त्यांना ध्यास एकच, मुलाला घेऊन आफ्रिकेत एकदा शिकारीला जायचं. हरीण तर मारायचंच, पण कुडूही मारायचा, आपल्या नीलगाईएवढा असतो तो. डॉक्टर म्हणाले, बंदुकीचा धक्का कमी असेल तर बघा. बू फहद लगेच मला म्हणाले, तुझा नवरा शिकारीच्या दुकानात आहे, त्याला विचार.

मी विचारलं. इथे आखातात, मंगफच्या आपल्या या स्वयंपाकघरात, शुक्रवारी सकाळी. मी वेलदोडे कुटत होते आणि तुम्ही ओट्याला टेकून बोलत होता. आयुष्यात एक ससा मारला नाहीत, पण काडतुसांवर बोलायला लागलात की चहा गार व्हायचा! फार छोटं घेतलं तर कुडू जखमी होऊन पळतो आणि झुडपात तडफडून मरतो. फार मोठं घेतलं तर खांदा आधीच धास्तावतो, बोट झटका देतं आणि नेम चुकतो. म्हणून मधलं. सेव्हन एमएम-झिरो-एट, हरणालाही चालतं आणि कुडूलाही. शेवटी म्हणालात, "हलकं घ्या म्हणावं. आणि जडच घ्या."

मी हसले. म्हटलं, आधी काय ते ठरवा. तुम्ही म्हणालात, दोन्ही. मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा चाललीय.

तुम्ही आयुष्यात एक तरी वाक्य पुरतं बोललात का हो? नाम गिळायचं आणि विशेषण तेवढं आमच्या अंगावर टाकायचं. काय हलकं, काय जड, हे मी विचारायचं होतं. नाही विचारलं. चहा उतू जात होता.

पुढे पाच आठवड्यांनी तुम्ही शुवैखला दुकानाचं शटर उघडता उघडता खाली बसलात आणि उठलाच नाहीत.

तेराव्यानंतर मी कामावर गेले, तेव्हा बू फहद फॉर्म घेऊन आले. बंदूक तिकडे भाड्याने मिळणार होती, कुठली हवी ते लिहायचं होतं. सिस्टर, तुम्हारे आदमी ने क्या कहा था? तुमचं नाव निघालं आणि माझं डोकं चालेना. एवढंच आठवलं, हलकं. हिंदीत म्हटलं, हल्का लेना. त्यांनी विचारलं, "रायफल? खफीफ?" अरबीत खफीफ म्हणजे हलकं, तेवढं मला येतं. मी म्हटलं, हां, खफीफ.

हलकी बंदूक! फॉर्मवरच्या सगळ्या बंदुकांत हलकी होती ती थ्री हंड्रेड मॅग्नम या दांडग्या काडतुसाची निघाली, डोंगर चढणाऱ्यांसाठी केलेली. त्यांनी त्यावर खूण केली. मी दिवसभर दुखऱ्या हातांत अर्धा अर्धा किलोची वजनं देणारी बाई. खांद्याला हलकं बरं, एवढंच मला ठाऊक. बंदूक जड असली की धक्का तीच खाते आणि हलकी असली की सगळा खांद्यात घालते, हे मला कुठून कळणार? कळणार होतं. तुम्ही सांगत होता.

ते आफ्रिकेहून परत आले तेव्हा मुलगा त्यांच्या डोक्यावरचा रुमाल, तो गुत्रा, सारखा करत होता. पहिल्याच गोळीला शिवलेलं सगळं फाटलं. कुडूला पोटात लागली. तो पळाला, अंधार पडेपर्यंत शोधला तरी सापडला नाही. म्हाताऱ्याला खांद्यापेक्षा त्याचंच जास्त लागलंय. डॉक्टर म्हणतात, या वयात पुन्हा शिवून उपयोग नाही. मी हात लावून पाहिला, त्यांचं खरं आहे.

घरी येऊन रडले आणि रडता रडता तुमचं वाक्य कानात जसंच्या तसं वाजलं. हलकं म्हणाला होता तुम्ही. हलकी नाही. बंदूक असती तर हलकी म्हणाला असता. हलकं ते काडतूस, कमी धक्क्याचं, आणि जड ती बंदूक! पहिलीतल्या पोराला कळतं हे. पण हिंदीत ना नपुंसकलिंग आहे, ना तो अनुस्वार. मी तो वाटेतच सांडला.

पुढच्या खेपेला बू फहदनी माझा हात धरला. म्हणाले, "सिस्टर, तुम्हारे आदमी पे गुस्सा नहीं है. अल्ला यरहमा, अल्ला रहम करे. इन्सान था, गलती हो गई."

आणि मी मान डोलावली.

तक्रार झाली तर माझा परवाना जाईल, मग इथे राहायचा इकामा जाईल, लेकीची बारावी अर्ध्यावर सुटेल, हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं. तुम्ही गेलेले, तुमचं आता काय बिघडणार, असंही आलं. हे लिहिताना लाज वाटतेय. म्हाताऱ्याने मनात काही ठेवलं नाही, पण दिवाणियाच्या बैठकीत मित्रांना सांगितलं, ते दुकानापर्यंत गेलं, आणि ज्या माणसाने जन्मभर एक स्क्रू सैल सोडला नाही त्याचा तक्ता भिंतीवरून उतरला.

आता यातलं काहीच सुधारणार नाही. तो खांदा वर जाणार नाही. ते जनावर कुठे मेलं ते कळणार नाही. खरं सांगितलं तरी दुकानात कोण पुन्हा भिंतीला काही लावणार आहे? माफ करा म्हणावं, तर तुम्ही ऐकायला नाही.

रविवारी बू फहद शेवटचे येणार आहेत. मी त्यांना सांगणार आहे, मुलाच्या देखत. लेकीला काल सगळं सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, मग सामान बांधायला घेऊ या. मी तिला अडवलं नाही. या वेळी वाक्य पुरतं बोलेन, त्यांच्या हिंदीत, नामासकट. गलती मेरे आदमी की नहीं थी. गलती मेरी थी.

तुमची,
सुनंदा